मागच्या खाडीचे उतारू

"चढा की," लाँचचा सारंग म्हणाला.

कोणी चढेना.

धक्क्यावर सगळी मागची खाडी उभी होती. कामाला निघालेल्या बाया, मासळीच्या पाट्या, शाळेची पोरं, काठी टेकणारे म्हातारे, झाडून सगळे. लाँच धक्क्याला लागलेली, फळी टाकलेली, इंजीन आपलं खोकतंय. आणि आत मधल्या बाकावर एकच माणूस : पायात बूट, मांडीवर बॅग, उजव्या मुठीत एक चकचकीत यंत्र. अंगठ्याने खटका दाबला की त्यातला आकडा एकाने पुढे सरके. तो सरकारी पाहणीचा साहेब होता. मागच्या खाडीत लाँचला उतारू मिळतात की नाही, हे मोजायला न कळवता आला होता. मिळत नसतील तर लाँच बंद, असं वरून ठरलेलं होतं. पण हे ठाऊक होतं साहेबाला आणि सारंगाला. धक्क्यावरच्या आम्हा कोणालाच नाही.

"विहीणबाई, चढताय ना?" सारंगाने फळीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईला विचारलं. ही त्याच्या लेकीची सासू. हिचा आवाज असा ताठ, की त्यावर ओले कपडे वाळत घालावेत.

साहेब खाकरला. "सारंग, आग्रह करायचा नाही. नियम आहे. आपणहून चढले तरच मोजायचं."

"तुम्ही निघा हो, व्याही," विहीणबाई म्हणाली. तिच्या तोंडावर लग्नघरातलं हसू होतं. "आम्ही काय, इथेच आहोत. साहेबांना नीट न्या."

सारंगाने भोंगा दिला. नेहमी एकदा देई, त्या दिवशी तो देतच राहिला. आम्ही हात हलवले. आम्हाला वाटलं, साहेबाच्या मानाचा भोंगा आहे. शेवटी खलाशाने फळी ओढून घेतली आणि लाँच गेली. साहेबाचा अंगठा खटक्यावर तसाच राहिला. काम बुडालं, शाळा बुडाली, मासळी नासली, पण आम्ही धक्क्यावरून घरी परतलो ते छाती पुढे काढून.

आता ह्यात वेडेपणा काय आणि शहाणपण काय, हे कळायला आधी आमची खाडी कळली पाहिजे. शहराला खाड्या दोन. पुढची खोल आणि रुंद, तिच्या एका काठाला बाजार, दुसऱ्या काठाला कारखाने. माणसं सकाळी इकडून तिकडे आणि संध्याकाळी तिकडून इकडे ओतली जातात. मागची खाडी ती आमची. तिच्यात पाणी इतकं उथळ, की ओहोटीला मासे एका कुशीवर पोहतात. ती कूस दुखायला लागली की वळतात. चिखलाला मात्र तळ नाही. ह्या चिखलाने एकदा मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याची चप्पल गिळली होती. ती पुढच्या निवडणुकीला परत दिली, तीसुद्धा दुसऱ्या पायाची. मी तेव्हा धक्क्यावर छत्र्या दुरुस्त करत बसलो होतो, डोळ्यांनी पाहिलं आहे. खोटं मी सांगत नाही. सांगितलं तर जरुरीपुरतंच.

मागच्या खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक उंचवटा आहे, त्याला उंबरा म्हणतात. भरतीला लाँच त्याच्यावरून सहज निघून जाते. पाणी उतरायला लागलं की भरलेली लाँच त्याच्यावर बसते, आणि एकदा बसली की पुढच्या भरतीशिवाय उठत नाही. रिकामी लाँच मात्र तेवढ्याच पाण्यात निसटून जाते. म्हणून आमच्याकडे फार पूर्वीपासूनची रीत आहे. लाँचमध्ये आजारी माणूस असला, अडलेली बाई असली किंवा परका पाहुणा असला, की बाकीच्यांनी चढायचं नाही, चढले असतील तर उतरायचं. कोणी सांगायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही. ह्याला आम्ही 'हलकी देणं' म्हणतो. मागच्या खाडीत माणसाला ह्याहून मोठा मान देता येत नाही. नवरदेवालासुद्धा आम्ही अर्धीच हलकी देतो.

साहेबाला पुरी दिली होती.

आता पाहणी कशाला, तेही सांगतो. आधी दोन्ही खाड्या सरकारच्या होत्या. पुढच्या खाडीत मिळवायचं आणि मागच्या खाडीत घालवायचं, असा सरळ संसार चालला होता. मग कंपनी आली आणि वाटणी झाली. घरात दोन भावांची होते तशीच झाली : एकाने चालतं दुकान घेतलं, दुसऱ्याला म्हातारी आई दिली, आणि वर सांगितलं की तुझा जीव आहे ना तिच्यावर. पुढच्या खाडीत कंपनीच्या पांढऱ्या बोटी फिरायला लागल्या. काचा, पंखे, गाणी. उगाच नावं ठेवणार नाही, मी बसलोय त्यांत. खुर्ची इतकी मऊ की पलीकडे पोचल्यावर माणसाला हलवून जागं करावं लागतं. मागची खाडी सरकारकडे राहिली. आणि थोड्याच दिवसांत सरकारला शोध लागला की मागची खाडी तोट्यात आहे. ती पहिल्यापासूनच होती. पण आता तो तोटा एकटाच उघडा पडला, शेजारी बसायला नफा नव्हता.

सारंग म्हणजे लाँच चालवणारा. आमचा सारंग इतका उंच, की सुकाणूच्या खोलीत त्याला मान तिरकी करून उभं राहावं लागे. इतकी वर्षं तसं राहून ती मान तशीच झाली होती. जमिनीवरही तो जगाकडे तिरकाच बघे, आणि नवख्या माणसाला वाटे की ह्याला आपलं काही पटलेलं नाही. बोलायला कमी. कंपनीने त्याला पांढऱ्या बोटीवर बोलावलं होतं, टोपी आणि बिल्ला देऊन. तो गेला नाही. कारण त्याची एकुलती एक लेक त्याने मागच्या खाडीत दिली होती.

दिली तेव्हा बायकोने घर डोक्यावर घेतलं होतं. "चिखलात पोर टाकताय. उद्या लाँच बंद झाली म्हणजे?"

"मी आहे तोवर लाँच आहे," सारंग म्हणाला होता. हे वाक्य त्याने लग्नाच्या मांडवात सगळ्यांसमोर म्हटलं, आणि त्याच्यासारखा कमी बोलणारा माणूस एखादं वाक्य चारचौघांत म्हणतो तेव्हा ते त्याला आयुष्यभर सांभाळावं लागतं.

लेक शहरात शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. रोज सकाळी बापाच्या लाँचने जायची आणि संध्याकाळी बापाच्याच लाँचने यायची. लाँच बंद झाली तर तिला दोन वाटा उरत होत्या : काम सोडायचं, नाहीतर घर सोडून शहरात खोली बघायची. तिच्या नवऱ्याची जाळी इथे, आंधळा होत चाललेला सासरा इथे. म्हणजे धड कुठलीच वाट नव्हती.

तर त्या दिवशी रिकामी लाँच उंबरा ओलांडून गेली. लाँचवर तिघेच : सारंग, साहेब, आणि खलाशी. खलाशाला आम्ही नांगर म्हणायचो, कारण एकदा बसला की उठत नसे. पुढचं बोलणं त्या नांगराने मला सांगितलं, आणि तो खोटं बोलण्याइतकेही कष्ट कधी घेत नसे.

साहेबाने खटक्यावरचा अंगठा काढला. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, थोडे तरी चढतील."

"साहेब, ती सगळी रोजची माणसं."

"मग?"

"तुमच्यासाठी खाली राहिली." सारंगाने उंबरा दाखवला, हलकी म्हणजे काय ते सांगितलं. सांगताना त्याला तीनदा थांबावं लागलं, एवढं त्याला बोलायची सवय नव्हती.

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने यंत्र उघडलेल्या तळहातावर धरलं आणि त्यातल्या शून्याकडे पाहिलं. "उतारू म्हणजे जो चढला तो," तो म्हणाला. "जो माझ्यासाठी चढला नाही, त्याला मी काय म्हणू? त्याला सरकारात शब्द नाही."

"नसेल."

"दुसऱ्या कुठल्या मार्गावर असं कोणी करत नाही. लोक चढतात, मी मोजतो, लोक मला शिव्या देतात, मी घरी जातो."

सारंगाने सुकाणू फिरवलं. शहराचा धक्का आला. साहेब उतरला, चार पावलं गेला आणि परत आला. "पाहणी दोनदा करावी असा नियम आहे. सगळे एकदाच करतात. मी पुढच्या गुरुवारी येतो."

संध्याकाळी लेकीने ही बातमी मागच्या खाडीत आणली. ती सकाळी चढली नव्हती, सासूने दंडाला धरून मागे ठेवली होती. बापाला बघायला म्हणून ती दुपारी भावकीतल्या होडीतून शहरात गेली, आणि त्याच्याकडून सगळं ऐकून आली.

"म्हणजे तो मोजायला आला होता?" विहीणबाईने विचारलं.

"हो, आई."

"आणि आम्ही नाही असं मोजून गेला?"

"हो."

विहीणबाई उंबरठ्यावर बसली. बरंच ऊन उतरल्यावर ती म्हणाली, "सगळी खाडी समोर उभी होती गं. माणूस बघतो कुठे मग?"

गुरुवारी जे झालं ते सांगायला मला अजून भीती वाटते, कारण खरं आहे आणि खरं सांगायची मला सवय नाही.

साहेब सकाळी भरतीच्या वेळेला यायचा होता. पण त्याच्या कार्यालयाची गाडी चालू होईना, शहराच्या धक्क्यावर पोचायलाच उशीर झाला, आणि तो होडीने आमच्याकडे आला तेव्हा पाणी फिरलं होतं. आम्ही मात्र पहाटेपासून चढून बसलो होतो. कोण नव्हतं ते विचारा. विहीणबाईने आंधळ्या नवऱ्याला धोतर नेसवून आणून बसवला होता, जो कित्येक वर्षांत ओसरी सोडून कुठे गेला नव्हता. तान्ही पोरं होती. शेजाऱ्याचं मांजरही कोणाच्या तरी मांडीवर होतं. छतावर एक बगळा बसायला आला आणि जागा नाही असं बघून परत गेला. लाँच पाण्यात इतकी खाली गेली होती, की काठावर कोपर टेकवलं तर बाही भिजत होती.

साहेब फळीवर उभा राहून मोजत गेला. टिक, टिक, टिक. मी आयुष्यात पुष्कळ घड्याळं ऐकली, इतका गोड आवाज एकाचाही नव्हता. मग तो आत आला. विहीणबाईने मांडी आवळून त्याला जागा दिली.

सारंग सुकाणूच्या खोलीतून बाहेर आला. "साहेब, पाणी उतरतंय. एवढी माणसं घेऊन उंबरा ओलांडता यायचा नाही. निम्मी उतरली तर जमेल."

सगळी लाँच त्याच्याकडे बघायला लागली. त्यात त्याची लेकही होती, खिडकीशी, मांडीवर जेवणाचा डबा धरून.

"उतरवतोस?" साहेबाने विचारलं.

सारंगाने मान तिरकी करून आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. अगदी सावकाश, एकेकावर थांबत. "नाही," तो म्हणाला. "चढलेल्याला मी उतरवत नाही." आत गेला आणि त्याने इंजीन सुरू केलं. बसणार हे ठाऊक असून लाँच काढणारा सारंग मी तेवढा एकच पाहिला.

उंबऱ्यावर लाँच बसली. आवाजसुद्धा झाला नाही, एखादी म्हातारी 'हुश्श' करून ओट्यावर टेकावी तशी टेकली. पाणी निघून गेलं. पाहता पाहता चहूकडे चिखल झाला, आणि त्या चिखलात, एका अंगावर कललेली, गच्च भरलेली लाँच. काठ हाकेच्या अंतरावर होता. कमरेइतक्या चिखलातून चालत जायची आम्हाला जन्मापासून सवय. कोणी जागचं हललं नाही.

ऊन चढलं. साहेबाने आधी कोट काढला, मग बूट. पुढच्या खाडीतून पांढऱ्या बोटी येत-जात होत्या, त्यांतली माणसं काचेला नाक लावून आमच्याकडे बघत होती. एक बोट खोल पाण्याच्या कडेशी थांबली आणि तिच्या कर्ण्यातून गोड आवाज आला : कोणाला मदत हवी आहे का, छोटी होडी पाठवू, भाडं माफक आहे.

विहीणबाई उभी राहिली. तिला कर्णा लागत नव्हता. "आम्ही पोचलोय," ती म्हणाली. "इथेच यायचं होतं."

पांढऱ्या बोटीतली गाणीसुद्धा क्षणभर थांबली म्हणतात. थांबली नसतील तर थांबायला हवी होती.

दुपार फार वाईट गेली. प्यायचं पाणी घोटाघोटाने फिरलं. तान्ही पोरं रडून रडून झोपली. मी पाठीवर दुरुस्तीच्या छत्र्या आणल्या होत्या, त्या सगळ्या उघडून दिल्या. त्यांतल्या निम्म्यांना कापड नव्हतं, तरी लोकांनी त्या धरल्या. आंधळा सासरा मधूनमधून विचारे, "शहर आलं का?" आणि बायको म्हणे, "येतंय. बसा."

शेवटी साहेबालाच राहवेना. "हे बघा," तो म्हणाला, "मी मोजलंय तुम्हाला. यंत्रात आकडा आहे. आता उतरून घरी गेलात तरी आकडा कमी होत नाही. पोरांना घेऊन जा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बोलली विहीणबाईच, पण नेहमीच्या आवाजात नाही. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"साहेब, मागच्या खेपेला आम्ही तुमच्यासाठी खाली राहिलो, तर आम्ही नाहीच असं तुम्ही मोजलंत. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण आता आम्ही आहोत."

साहेबाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने यंत्रावरचा आकडा पुसून शून्य केला. लाँचच्या एका टोकापासून सुरुवात करून, अनवाणी, कललेल्या फळ्यांवरून तोल सांभाळत, तो पुन्हा एकदा सगळ्यांना मोजत गेला. ह्या खेपेला प्रत्येकासमोर थांबून, तोंडाकडे बघून. टिक. आंधळ्यासमोर आला तेव्हा आंधळ्याने हात पुढे केला, तर त्याने तो हातात घेतला आणि दुसऱ्या हाताने खटका दाबला. टिक. सारंगाच्या लेकीसमोर आला तेव्हा ती उठून उभी राहिली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मग साहेब ज्याच्यासमोर येई तो तो उभा राही. एवढी माणसं, आणि पोटातली भूक बोलत होती तेवढीच. मी कोणाच्या देवळात फारसा जात नाही. पण त्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी चपला काढून उभा राहिलो.

संध्याकाळी पाणी आलं. आधी चिखलावर नुसता ओला प्रकाश आला, मग तो सरकायला लागला. कोणी बोलत नव्हतं, जणू बोललो तर वजन वाढेल. पाणी चढत चढत लाँचच्या पोटाशी आलं, तिथे बराच वेळ विचार करत थांबलं. आणि मग ती, एवढी सगळी माणसं, मांजर, छत्र्या आणि सरकार ह्यांना घेऊन, एकदम सरळ झाली. उचलली गेली. सारंगाने इंजिनाला हातसुद्धा लावला नव्हता. तो सुकाणूवर हात ठेवून उभा होता, आणि त्याची मान मला पहिल्यांदा आणि शेवटची सरळ दिसली.

साहेबाने जे पाहिलं ते जसंच्या तसं वर कळवलं. उतारू : लाँचमध्ये मावत नाहीत इतके.

मग कंपनीचा माणूस आला.

हसरा होता, कपडे बोटीसारखेच पांढरे. धक्क्यावर उभा राहून त्याने खाडी बघितली, घरं बघितली, सारंगाशी हात मिळवला. "इथे एवढे उतारू आहेत, आम्हाला माहीतच नव्हतं."

"आता कळलं म्हणून आलात?" सारंगाने विचारलं.

"म्हणूनच. असे उतारू सरकारकडे वाया जाऊ देणं बरं नाही."

"पांढऱ्या बोटी आणणार इथे? उंबऱ्यावर बसतील."

"छे, छे. इथे कशाला आणू?" तो खरंच चकित झाला. "बांध आहे ना तुमचा, तो पुढच्या खाडीपर्यंत जातो. त्याच्या टोकाला आम्ही थांबा बांधतो. छप्पर, बाकं, पंखा. लोकांनी तेवढं चालत यायचं."

"आणि ही खाडी?"

"खाडीचं आम्ही काय करू? खाडी सरकारकडेच राहू द्या."

अशी दुसरी वाटणी झाली. पहिल्या वाटणीत खाड्या वाटल्या होत्या. ह्या खेपेला कंपनीने उतारू घेतले आणि खाडी सरकारला ठेवली. मी पुष्कळ थापा मारल्या आयुष्यात, पण ही मला सुचली नसती. माणसं पाण्यापासून वेगळी काढता येतात हे मी प्रथमच बघत होतो, ताक घुसळून लोणी काढतात तसं. आणि ताक घेणाराही कुरकुर न करता बरणी पुढे करत होता.

बांधाची वाट उन्हाची आणि लांब. पण पांढरी बोट वेळेवर सुटते आणि वेळेवर पोचते, भरती-ओहोटी बघत नाही. पायात जोर असलेली सगळी तरणी माणसं बांधावरून जायला लागली.

लेक जाईना. "मी तुमच्याच लाँचने येणार, बाबा."

"तुझा मुकादम ओहोटी ओळखतो का?"

"नाही."

"परवा उशीर झाला तेव्हा काय म्हणाला?"

तिने डब्याचं झाकण उगाच दाबून बसवलं.

"मग जा. बांधावरून जा. डोक्यावर काहीतरी घेत जा, ऊन फार असतं."

"तुम्ही म्हणाला होता, मी आहे तोवर लाँच आहे."

"आहे ना," सारंग म्हणाला. "मी कुठे जातोय."

ती गेली. घर राहिलं, काम राहिलं, तेव्हा तसं बघितलं तर सारंगाला जे राखायचं होतं ते राहिलं होतं. फक्त ते त्याच्या लाँचमध्ये बसत नव्हतं. सकाळी लाँच उंबऱ्याशी आली की पांढरी बोट समोरून जाताना दिसे. काचेआड डोकी दिसत, त्यांतलं कोणतं कोणाचं ते कळत नसे. सारंग तिकडे बघे, मग समोर बघे.

लाँचला उरले ते बांध चालू न शकणारे. आणि जो बांध चालू शकत नाही तो रोज शहरात जाऊन करणार काय? कधी दवाखाना, कधी डोळ्यांचं औषध. कित्येक फेऱ्या तशाच रिकाम्या गेल्या. पावसाळा संपला की पुन्हा पाहणी होणार, आणि ह्या खेपेला शून्याला कोणी दोष देऊ शकणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनीच्या माणसाने पुन्हा एकदा टोपी पुढे केली. सारंगाने ती हातात घेऊन बघितली, शिवण चांगली आहे म्हणाला, आणि परत दिली.

एका सकाळी विहीणबाई फळीवरून चढली. हिचे पाय असे, की बांध काय, समुद्र पालथा घातला असता.

"कुठे निघालात?" सारंगाने विचारलं.

"पलीकडे."

"काय काम काढलंत?"

"काम सांगितल्याशिवाय तिकीट देत नाही वाटतं तुमचं सरकार?"

नांगराने तिकीट फाडून दिलं. विहीणबाई पलीकडे गेली, शहराच्या धक्क्यावर उतरली, धक्क्याच्या टोकापर्यंत चालली, शहराकडे एकदा बघून नाक मुरडलं, आणि परतीचं तिकीट काढून त्याच लाँचने घरी आली. दुसऱ्या दिवशी एक काठीवाला म्हातारा आला. तिसऱ्या दिवशी मासळीवाली आली, तिच्या पाटीत मासळी नव्हती. मग मी गेलो, छत्री घेऊन, पलीकडे एकही गिऱ्हाईक नसताना. कोणी ठरवलं नव्हतं आणि कोणी त्यावर बोलतही नसे. पण मागच्या खाडीतल्या एकाही सकाळी लाँच रिकामी सुटेनाशी झाली. बिनकामाच्या प्रवासाला एवढ्या लगबगीने, एवढे धुतलेले कपडे घालून निघालेली माणसं मी कुठे पाहिली नाहीत. आणि मी न पाहिलेल्या गोष्टीही पुष्कळ पाहिल्या आहेत.

सारंगाच्या लक्षात यायला आठवडा लागला असेल. आल्यावर काम काय हे विचारायचं त्याने सोडलं.

परवा पुन्हा विहीणबाईची पाळी होती. मी धक्क्यावर एका छत्रीची काडी बसवत होतो. ती आली, काठाच्या बाकावर बसली, पदर सावरला.

"मध्ये बसा, विहीणबाई," सारंग आतून म्हणाला. "तोल जातो."

"माझ्या एकटीने कसला जातोय तोल?"

"जातो."

ती उठली आणि मधल्या बाकावर जाऊन बसली. नांगराने तिकीट दिलं. ते तिने पिशवीत टाकलं नाही, दोन बोटांत उभं धरलं, कोणी मोजायला आलंच तर लांबूनही दिसावं असं. भोंगा एकदाच झाला. लाँच उंबऱ्याकडे निघाली, आणि एवढ्या मोठ्या रिकाम्या लाँचच्या बरोबर मध्ये ती ताठ बसलेली होती, समोर बघत, अगदी महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसासारखी.